मशीनचे दोन खांदे

सकाळी दोन गोळ्या घेऊन अर्धा तास हात फिरवला, की त्याचा उजवा खांदा फेकण्यापुरता मोकळा होतो. संध्याकाळी तोच हात केस विंचरायलाही वर जात नाही. शर्टाची बटणं बायको लावून देते. संघात हे कुणाला माहीत नाही.

काम सांगायला सोपं आहे. हातभर लांबीची प्लास्टिकची दांडी, टोकाला चेंडू बसेल एवढी वाटी. ती जोरात फिरवली, की चेंडू वेगवान गोलंदाजाचा असावा तसा सुटतो. खऱ्या गोलंदाजांना सरावात दमवायचं नसतं, म्हणून हा माणूस ठेवलेला. दिवसाला तीनशे चेंडू, सामन्याच्या आदल्या दिवशी चारशे. वीस षटकांच्या लीगमधल्या या संघात त्याला 'मशीन' म्हणतात. कौतुकानं म्हणतात, आणि तो ओ देतो.

त्याआधी नऊ हंगाम तो स्वतः गोलंदाज होता. लाल चेंडू, चार दिवसांचे सामने, समोर रिकाम्या खुर्च्या. हंगाम संपला की खेळाच्या सामानाच्या दुकानात बॅटींना ग्रिप चढवायचा. लीगमुळे लिफ्ट असलेल्या इमारतीत घर झालं. चार षटकांत गोलंदाजाचं काय दिसतं, असं त्याचंही मत आहे, पण लीगला कुणी नावं ठेवली की तो गप्प बसतो. सासरे बसत नाहीत. ते निवृत्त शिंपी.

"जावईबापू, तुमच्या त्या खेळात गोलंदाज ठेवतात कशाला? भिंत उभी करा, तेवढंच काम."

"भिंतीला पगार मिळत नाही, मामा."

"आणि भिंतीचा खांदा उतरत नाही. तुमचा उजवा बोटभर खाली आलाय. आयुष्यभर मापं घेतलीत मी, मला नका शिकवू."

डॉक्टरांनी तेच एमआरआयवर दाखवलं होतं. खांद्यातला स्नायू अर्धा फाटलेला. शस्त्रक्रिया, मग सहा महिने काही फेकायचं नाही. करार मात्र एकेका हंगामाचा. या जागेसाठी रांगेत त्याचाच जुना जोडीदार गोलंदाज उभा आहे. तो दर महिन्याला न चुकता तब्येत विचारायला फोन करतो.

म्हणून त्यानं डावा हात तयार करायला घेतला. सुट्टीचे चार महिने, रोज पहाटे, इमारतीच्या पार्किंगमधल्या भिंतीवर. पहिल्या आठवड्यात दोन स्कूटरचे आरसे गेले.

"साहेब, नेमका राग कुणावर आहे?" वॉचमननं विचारलं.

बायको म्हणाली, "अहो, आधी डाव्या हातानं चमचा तरी धरून दाखवा."

हिशेब सरळ होता. निम्मे चेंडू डाव्यानं टाकायचे, तेवढाच उजव्याला आराम. कुणी विचारलंच तर डावखुऱ्या गोलंदाजांचा सराव म्हणून सांगायचं.

नव्या हंगामात नेटमध्ये त्यानं डाव्यानं पहिला चेंडू टाकला. संघाचा सर्वांत महागडा फलंदाज चुकला. त्यानं हात वर केला.

"थांब. परत टाक."

वीस चेंडू झाले. फलंदाज हेल्मेट काढून चालत आला. "मशीन, लबाडा! हे इतके दिवस कुठे लपवलं होतंस?"

"डावखुऱ्यांचा सराव व्हावा, म्हणून..."

"रोज पाहिजे मला हे!"

प्रशिक्षकानं तिथंच ठरवून टाकलं. "उजव्यानं तीनशे, डाव्यानं तीनशे."

"सर, मला वाटलं निम्मे-निम्मे."

"निम्मे कशाला? दोन हात दिलेत ना देवानं?"

सगळे हसले. तोही हसला.

संध्याकाळी मॅनेजरनं करार पुढे केला. तीन वर्षांचा. मदतनीसांपैकी कुणालाच आजवर एवढा मिळाला नव्हता. तिसऱ्या पानावर एक ओळ होती: कोणतीही जुनी दुखापत नाही, असल्यास करार रद्द. त्यानं कागद घरी आणले. बायकोनं ती ओळ दोनदा वाचली.

"खरं सांगून टाका."

"मग उद्यापासून घरी बसायचं. आणि खांदा यांच्यासाठी फेकून फेकूनच गेलाय, हे कुणापुढे सिद्ध करू?"

"आणि नाही सांगितलं, तर तीन वर्षं शस्त्रक्रिया नाही."

सकाळी त्यानं सही केली.

पुढच्याच सामन्यात त्या फलंदाजानं डावखुऱ्या गोलंदाजाला सलग तीन षटकार मारले आणि सीमारेषेबाहेर बसलेल्या मशीनकडे बॅट रोखली. कॅमेरा त्याच्यावर आला. भरलेलं मैदान क्षणभर त्याच्यासाठी ओरडलं. नऊ हंगामांत असं एकदाही झालं नव्हतं, आणि त्याला ते आवडलं, हे त्यानं बायकोजवळ कबूल केलं. सासऱ्यांनी ते दृश्य टीव्हीवर पाहिलं. पहिल्यांदाच टोमणा मारला नाही.

तीन आठवड्यांनी बायको शेकाची पिशवी गरम करून आणत होती. "कुठल्या खांद्याला?"

तो म्हणाला, "आणखी एक आणावी लागेल."