बिरदेवची हक्कसोड

आटपाडीच्या स्टँडवर बिरदेवला सगळे ‘पगारदार’ म्हणत. डावा पाय लहानपणीच पोलिओनं गेलेला, कुबडीशिवाय पाऊल नाही. पण सरकारच्या निराधार योजनेचा महिन्याचा पगार खात्यावर पडला, की गडी टपरीवर असा बसायचा जणू कारखान्याचा चेअरमन. जमलेल्यांचा चहा त्याच्याकडून, घरची चहापत्तीही त्याचीच. “आमी कुणाचं फुकट खात न्हाई,” हे वाक्य मात्र तो चहाबरोबर फुकट द्यायचा.

बाप नाथाजी वारला आणि डाळिंबाच्या रानाला तिघांची नावं लागायची वेळ आली: थोरली बहीण बयाबाई, भाऊ मानसिंग आणि बिरदेव. चावडीतल्या कारकुनानं त्याला बाजूला घेतलं. “रान नावावर आलं की उत्पन्न वाढलेलं दिसणार. मर्यादेच्या वर गेलं, तर पगार बंद.”

बिरदेवला रात्रभर स्वतःचा रिकामा खिसा दिसत राहिला. सकाळी तो मानसिंगला म्हणाला, “दादा, आक्काबरूबर माजी बी हक्कसोड करून टाक.”

“आसं कसं?” मानसिंग एकदा म्हणाला. दुसऱ्यांदा म्हणेल म्हणून बिरदेव थांबला. मानसिंग बैलांना पाणी दाखवायला गेला.

बहिणीनं वाटा सोडायचा आणि भावानं साडीचोळी करायची, ही तिकडची रीत. गड्यानं सोडला तर काय करायचं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. भावजय राणीनं तोड काढली. नोंदणीच्या कचेरीत ती दोन पिशव्या घेऊन आली. एकीत साडी, दुसरीत टॉवेल-टोपी.

“दोघी बहिणी आल्यात का?” दस्त लिहिणाऱ्यानं विचारलं.

“एक ही,” मानसिंगनं बयाबाईकडं बोट केलं, आणि बिरदेवकडं नुसती मान हलवली.

बाकावरचा म्हातारा म्हणाला, “मिशीवाली बहीण पयल्यांदाच बघतोय गड्या.” कचेरी हसली. बिरदेवही हसला; न हसून करतो काय? कानाच्या पाळ्या तेवढ्या तापल्या.

आधी त्याचाच दस्त झाला. यंत्रावर अंगठा टेकला. फोटो काढणारी पोरगी “वर बघा की, काका” म्हणत राहिली. विहिरीकडच्या तुकड्यात बापानं डाळिंबाच्या दोन ओळींत जास्त अंतर सोडलं होतं, कुबडी फिरावी म्हणून. तेच नेमकं आत्ता आठवलं. राणीनं टोपीची पिशवी त्याच्या मांडीवर ठेवली.

“आक्का, आता तुजा अंगठा,” मानसिंग म्हणाला.

“म्या सोडत न्हाई.”

“आगं, ठरलंय न्हवं?”

“ठरलं तवा ह्यो बी सोडणार, हे मला कुणी सांगितलं न्हवतं. मला सासर हाय म्हणून सोडणार हुते. ह्याला कुठलं सासर?” बयाबाईनं साडीची पिशवी राणीच्या हातात परत दिली. “उद्या पगार थांबला, तर माज्या वाट्यात तरी ह्याची कुबडी टेकंल.”

मानसिंग मोबाइल बघत राहिला. त्यात काही नव्हतं.

बाहेर टपरीवर बिरदेवचा हात सवयीनं खिशात गेला.

“ऱ्हाऊ दे,” बयाबाई म्हणाली आणि कनवटीचे पैसे काढले.

त्यानं टोपीची पिशवी बाकाखाली सरकवली, खाली मान घालून चहा प्याला. नेहमीचं वाक्य तेवढं म्हणाला नाही.