पाडव्याला आलेली भुतं

बाबा रोज संध्याकाळी फोन करायचे आणि त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "आज वर्गात बोललीस का?"

"उद्या बोलेन," मी म्हणायची.

"बरं," ते म्हणायचे, आणि मग जेवणाचं विचारायचे.

बाबा टेम्पो चालवतात. त्यांची शाळा सातवीत सुटली, आईची त्याच्याही आधी. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि गेले ती थेट सिंगापूरला, शिष्यवृत्तीवर. मी तिथे नेमकं काय शिकते हे बाबांना सांगताना मलाच अडखळायला व्हायचं. पण तिकडे नुसतं लिहून भागत नाही, बोलावंही लागतं, हे त्यांनी कुठूनतरी ऐकलं होतं आणि ते मनात पक्कं धरून ठेवलं होतं. दुर्दैवानं ते खरंच होतं.

सणांच्या इतिहासाचा एक विषय मी घेतला होता. लहानसा वर्ग, गोल मांडलेली टेबलं, आणि बोलण्याला गुण. सगळं सत्र मी तोंड उघडलं नव्हतं. उत्तर मनात तयार व्हायचं, मग मी त्याचं इंग्रजी तपासायची, आणि तोवर दुसऱ्या कुणीतरी बोलून टाकलेलं असायचं. आता सत्राच्या शेवटी प्रत्येकानं उभं राहून आपला विषय मांडायचा होता. चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा माझ्या वाट्याला आला हॅलोविन. त्याची सुरुवात कशी झाली आणि सुरुवातीच्या चालीरीती काय होत्या, हे मला सांगायचं होतं. हे बोलणं जमलं नाही तर विषय जाणार होता, आणि एकही विषय गेला तर शिष्यवृत्ती थांबणार, अशी अट होती. बाबांना मी हे सांगितलं नव्हतं.

मी खूप वाचलं. ग्रंथालयातल्या माझ्या जागेवर दुसरं कुणी बसेनासं झालं, इतकं वाचलं. आयर्लंड आणि स्कॉटलंडकडे पूर्वी सुगी संपून थंडी सुरू होताना एक सण असे. त्या रात्री मेलेली माणसं परत येतात, असा समज होता. लोक शेकोट्या पेटवत. पुढे चर्चनं त्याच सुमाराला संतांचा आणि मृतात्म्यांचा दिवस ठेवला. गोरगरीब दारोदार जात, त्या घरातल्या मेलेल्यांसाठी प्रार्थना म्हणत आणि बदल्यात छोटे गोड पाव मिळवत. पोरं तोंडाला काजळी फासून, मुखवटे घालून घराघरात शिरत. सलगम म्हणून मुळ्यासारखा एक कंद असतो, तो कोरून आत दिवा ठेवत. भोपळा नंतर आला, अमेरिकेत. हे सगळं मी कागदावर उतरवून काढलं आणि आमच्या शिक्षिकांपुढे आधी एकदा वाचून दाखवलं. त्या सिंगापूरच्याच, चिनी, बोलायला अतिशय मऊ. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"यात चूक काहीच नाही," त्या म्हणाल्या. "पण हे पुस्तक बोलतंय. तुला यात काय दिसलं?"

मला काहीच दिसलं नव्हतं. हॅलोविन मी आयुष्यात पाहिलेला नव्हता. मी "सॉरी" म्हणून बाहेर आले.

त्या वर्षी दिवाळीतला पाडवा आणि हॅलोविन एकाच दिवशी आला, आणि माझं बोलणं त्यानंतर दोन दिवसांनी होतं. सेरंगून भागात एका कॉन्डोमध्ये, म्हणजे मोठ्या सोसायटीत, आमच्या ओळखीचं एक मराठी कुटुंब राहायचं. काका रॅफल्स प्लेसला बँकेत, काकू घरून हिशेबाची कामं करायच्या. त्यांना आठ वर्षांची मुलगी, आणि पुण्याहून काही महिन्यांसाठी आलेले आजोबा. आजोबा म्हणजे काकांचे वडील, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. काकूंनी मला फोन करून दटावलंच, "पाडव्याला होस्टेलवर बसून काय नूडल्स खाणार आहेस? गुपचूप इकडे ये."

मी कागद घेऊनच गेले. लिफ्टमध्ये एक सूचना लावलेली होती. आज संध्याकाळी मुलं घरोघर येतील, ज्या दाराबाहेर दिवा किंवा सजावट असेल तिथेच बेल वाजवावी. मी ती वाचली आणि विसरले. डोक्यात माझे मुद्दे चालू होते.

दारात आजोबांनी स्वतः बांधलेला आकाशकंदील पेटला होता. बांबूच्या काड्या इथे कुठून मिळवल्या देव जाणे. जाळीच्या दाराला तो टांगलेला, खाली रांगोळी, दोन पणत्या. आत मुलगी काळा झगा आणि टोकदार टोपी घालून नाचत होती.

"हे काय सोंग?" आजोबा म्हणाले. "पाडव्याला हडळ?"

"विच आहे, आजोबा. नॉट स्केअरी लाह!" इथल्या पोरांसारखं वाक्यामागे 'लाह' लावायची सवय तिलाही लागली होती.

"सणासुदीचं लेकरू काळं नेसून बाहेर पडतंय, आणि हिची आई टोपी सरळ करून देतेय."

"बाबा, खाली सगळ्या मुलांची पार्टी आहे, तासाभरात येतो आम्ही," काकू हसत सासऱ्यांना म्हणाल्या, आणि मला हळूच, "त्यांच्याकडे बघ हं जरा. ह्यांना ऑफिसातून यायला उशीर होईल." दोघी गेल्या. मी जेवणाच्या टेबलावर कागद पसरले. आजोबा सोफ्यावर शाल घेऊन बसले, कारण घरात एसी होता आणि तो बंद करायचं बटण त्यांना सापडत नसे.

थोड्या वेळानं बेल वाजली.

आजोबांनीच दार उघडलं. बाहेर चार-पाच मुलं. एक पांढऱ्या चादरीतलं भूत, एक सांगाडा, एकीच्या ओठांतून रंगवलेलं रक्त ओघळत होतं. मागे दोन-तीन आईबाप. मुलं एका सुरात ओरडली, "ट्रिक ऑर ट्रीट!"

 आजोबांचा चेहरा उजळला.

"या, या! पाडव्याला आलात? या आत. चपला तिथे काढा."

तेव्हा कुठे मला लिफ्टमधली सूचना आठवली. आकाशकंदील! त्या मजल्यावर तेवढा एकच दिवा बाहेर लागलेला होता. मुलांनी तो बघून बेल वाजवली होती, आणि आजोबांना वाटलं होतं, शेजारची मुलं पाडव्याला मोठ्यांना भेटायला आली आहेत.

मुलं तर बूट काढून आत शिरलीसुद्धा. आजोबांनी त्यांना सोफ्यावर ओळीनं बसवलं. भुताची चादर मधे येत होती, ती त्यांनी व्यवस्थित दुमडून त्याच्या मांडीवर ठेवली. मग फराळाचा डबा आणून तो मांडीवर घेऊन ते समोर बसले, झाकण काही उघडेनात.

"पोरी, यांना सांग," ते मला म्हणाले. "आधी प्रत्येकानं काहीतरी म्हणून दाखवायचं. गाणं, कविता, पाढा, काहीही. मग लाडू."

"आजोबा, अहो, यांना दारातच चॉकलेट द्यायचं असतं. मग ती पुढच्या घरी जातात."

"दारात देतात ती भीक. घरी आलेल्या पोरांना असं देतात होय? तू सांग त्यांना."

दारात आईबाप घड्याळं बघत होते. सांगाड्याचे वडील मला म्हणाले, "मिस, काही अडचण आहे का? आम्ही चुकीच्या घरी आलो का?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी घाबरून कागदांकडे पाहिलं. ते लांब, टेबलावर होते. आणि मग मी बोलू लागले. इंग्रजीत, जसं येईल तसं. म्हटलं, चुकीच्या घरी नाही आलात, उलट बरोबर आलात. आजोबांना माहीत नाही, पण जुनी पद्धत हीच आहे. स्कॉटलंडमध्ये, आयर्लंडमध्ये मुलं अशीच तोंडं रंगवून घरात यायची, आणि आधी गाणं किंवा कविता म्हणून दाखवायची, तेव्हा सफरचंद, अक्रोड, काहीबाही हातात पडायचं. फुकट काही मिळत नसे.

"ओ, रिअली आह?" सांगाड्याचे वडील म्हणाले. "मग म्हणा लाह! कमॉन, सिंग!"

भुतानं एक चिनी बालगीत म्हटलं, तिसऱ्या ओळीला अडखळून पुन्हा पहिल्यापासून. रक्तवाल्या मुलीनं सातचा पाढा म्हटला. आजोबांना इंग्रजी पाढा कळत नव्हता, पण ती चुकली तेव्हा ते लगेच "अंहं!" म्हणाले. चूक त्यांना तालावरून कळली असावी. सांगाडा लाजत होता. त्याला गाणं येत नव्हतं, कविता येत नव्हती. शेवटी त्यानं डोळे मिटले आणि एमआरटीच्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या, जांभळ्या लाइनीची स्टेशनं म्हणायला लागला. हार्बरफ्रंट, आउट्रम पार्क, चायनाटाउन, गाडीत स्टेशनं पुकारणाऱ्या बाईच्याच आवाजात, एका दमात. सेरंगून आल्याबरोबर सगळी पोरं एकदम ओरडली, "सेरंगून!" आणि टाळ्या.

"याला म्हणतात पाठांतर!" आजोबा म्हणाले. "याला दोन लाडू."

फराळ हातात पडल्यावर मुलं गेली. आजोबा दारात उभे राहून कंदिलाकडे बघत होते. मी त्यांना सगळं नीट सांगितलं. मुलं पाडव्याला आली नव्हती, आपला दिवा बघून आली होती, आणि त्यांच्या सणात दिवा, खाऊ आणि दार यांचा हा हा अर्थ आहे. त्यांना वाईट वाटेल असं मला वाटत होतं.

"दिवा बघून आली ना? मग झालं. दिवा त्यासाठीच लावतात," ते म्हणाले. "आमची आई म्हणायची, पितृपंधरवड्यात आलेले पितर अजून परत निघालेले असतात. त्यांना वाट दिसावी म्हणून कंदील उंच बांधायचा. खरं-खोटं तिला माहीत. मला आपलं बांधायला आवडतं."

मी टेबलावर जाऊन माझे कागद उचलले आणि वाचायचा प्रयत्न केला. वाक्यं तीच होती. पण दारोदार फिरणारा गरीब माणूस आता मला चादर मांडीवर घेऊन बसलेला दिसत होता.

"तुझं काय ते भाषण आहे ना?" आजोबांनी विचारलं. "मघाशी बोललीस तसं बोल. इंग्रजी मला कळलं नाही, पण तू 'अं... अं...' करत नव्हतीस."

परत येताना एमआरटीत मी तेच मनाशी घोळवत होते. मी खरंच 'अं' केलं नव्हतं का?

दोन दिवसांनी वर्गात माझी पाळी आली. कागद मी टेबलावर पालथा ठेवला. पहिलं वाक्य म्हटलं, "परवा सेरंगूनमध्ये आम्ही दारात एक दिवा लावला होता, आणि त्यामुळे आमच्याकडे भुतं आली." कुणीतरी हसलं. ते हसू ऐकून माझे खांदे खाली आले. मग मी सांगत गेले. दिव्याचं, काजळी फासलेल्या पोरांचं, गोड पावांचं, आणि आजोबांनी लाडवाचा डबा कसा अडवून धरला त्याचं. हे आमच्यासारखंच आहे, असं मी म्हटलं नाही. तसं म्हणायची मला भीती वाटली, आणि ती बरोबरच होती असं वाटतं. दोन दूरच्या गावांचे सण एकच असतील असं नाही. जुन्या काळाबद्दल पुस्तकांचंही एकमत नाही, हेही मी सांगून टाकलं. एवढंच म्हटलं, की मेलेल्या माणसांना वाट दिसावी आणि जिवंत माणसांना खायला मिळावं, असं बऱ्याच लोकांना बऱ्याच ठिकाणी वाटलेलं दिसतं.

प्रश्नांची वेळ आली. बुकित पंजांगला राहणारी एक मुलगी माझ्या शेजारी बसायची. सगळ्या सत्रात आम्ही एकमेकींशी 'हाय' पलीकडे बोललो नव्हतो. ती म्हणाली, चिनी पंचांगाच्या सातव्या महिन्यात तिची आजी इमारतीच्या खाली गवतावर मेलेल्यांसाठी जेवणाची ताटं मांडते, आणि ती लहानपणी त्या ताटातली संत्री बघून रडायची, मला का नाही म्हणून. "त्या आजोबांनी मला लाडू दिला असता का?" तिनं विचारलं.

"काहीतरी म्हणून दाखवलं असतंस तर," मी म्हणाले. विचार न करता. इंग्रजी न तपासता.

वर्ग हसला. शिक्षिका वहीत काहीतरी लिहीत होत्या. त्यांनी मान वर केली आणि म्हणाल्या, "आता तू बोललीस. छान झालं, बस." मी बसले. 

संध्याकाळी फोन आला. मी कॅन्टीनबाहेरच्या कट्ट्यावर बसले होते, समोर बस येत-जात होत्या.

"आज वर्गात बोललीस का?"

"बोलले, बाबा."

  बाबा फोन बाजूला धरून ओरडले ते मला स्पष्ट ऐकू आलं, "अगं ए, बोलली ती!"

लांबून, बहुधा चुलीपाशी असलेल्या आईचा आवाज आला, "काय बोलली?"

"ते कुठं विचारलंय मी अजून," बाबा म्हणाले.