भांडी घासायला ये

परदेशातल्या एका गरीब मुलीच्या शाळेचा खर्च मी उचलते, हे वाक्य मी आजवर कुणाकुणाला ऐकवलं ते विचारू नका. विहारातल्या बायकांना ऐकवलं, भाजीवालीला ऐकवलं, दातांच्या डॉक्टरला तर तोंडात त्याचं यंत्र असताना ऐकवलं. खर्च म्हणाल तर तो आमच्या ह्यांच्या पेन्शनीतून जातो. उचलते मी.

हे पैसे ज्या संस्थेमार्फत जातात, तिच्या यादीत देश बरेच होते. मी नेपाळ निवडला. लुंबिनी तिकडे, म्हणजे विहारात सांगायला बरं. आणि पत्रं आपल्याच अक्षरांत येतात, म्हणजे मला वाचता येतील, असा माझा धूर्त विचार. पहिलं पत्र आलं तेव्हा अक्षर न् अक्षर वाचलं आणि कळलं काहीच नाही. तरी मान डोलवत शेवटपर्यंत वाचलं, कारण हे समोर बसले होते.

"काय म्हणते?" ह्यांनी विचारलं.

"मजेत आहे."

"खाली हिंदीत दिलंय बघ. ताप आला होता तिला."

मुलगी आठवीत. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचं जे काही शिकले ते वाचनालयातली पुस्तकं आणि वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचून. म्हणजे जिला मी अभ्यासाचे सल्ले देत होते ती माझ्या एक इयत्ता पुढे होती. पण सल्ला द्यायला इयत्ता कुठे लागते? पहाटे उठ, गणित आधी घे, लिहून लिहून पाठ कर, मधे मधे पाणी पी. ज्या सल्ल्यांना कंटाळून माझी स्वतःची मुलं लांबच्या गावी नोकऱ्या शोधून निघून गेली, ते सगळे मी सीमेपलीकडे पाठवले.

परीक्षेच्या आधीच्या पत्रात शेवटी जरा गंमत केली. आपल्याकडे करतात तशीच. लिहिलं, "नापास झालीस तर सरळ इकडे निघून ये, माझ्याकडे भांडी घासायला." हे वाक्य न ऐकता आपल्याकडे कुणी मोठं झालंय का? माझी मुलं तेच ऐकत ऐकत इंजिनियर झाली, आणि भांडी अजून मीच घासते.

निकालाच्या आठवड्यात मला धीर धरवेना. मी एवढे सल्ले दिलेत म्हटल्यावर मुलगी पास होणारच. पेढे आणले आणि अख्ख्या बिल्डिंगमध्ये वाटले. आमच्या वरच्या मजल्यावर मूळच्या सदाशिव पेठेतल्या एक निवृत्त शिक्षिका राहतात. त्यांनी पेढा हातात धरूनच विचारलं, "मार्क किती?"

"ते कळायचेत अजून."

"मग तोवर हा फ्रिजमध्ये ठेवते," म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

काही दिवसांनी संस्थेच्या इथल्या ऑफिसातून फोन आला. आमच्या पत्रांचं हिंदी करून पाठवणारी एक मुलगी आहे तिथे. एरवी फार गोड बोलते, त्या दिवशी आवाज वेगळा लागला.

"आजी, तुम्ही त्या मुलीला कामाला बोलावलंय का?"

"कसल्या कामाला?"

"भांड्यांच्या. ती गणितात नापास झालीये. तेव्हापासून शाळेत गेलेलीच नाही, नवीन वर्ष सुरू झालं तरी. आईने तिचे कपडे बांधून ठेवलेत. पुण्याला कधी पाठवायचं, असं विचारतायत."

मी आधी हसले. खोटं कशाला सांगू, हसले. "अगं, थट्टा होती ती."

"मला कळली, आजी. म्हणून तर मी जशीच्या तशी हिंदीत लिहिली. तिकडे त्याचं नेपाळी झालं. वाचून दाखवणारं तिथे पुण्याचं कुणी नव्हतं."

त्याच दिवशी व्हिडिओ कॉल ठरला. मुलीच्या शाळेतल्या बाई आपला फोन घेऊन तिच्या घरी गेल्या. मुलगी भिंतीला टेकून उभी होती, मागे आई, आणि खाटेवर खरोखरच एक गाठोडं.

"मजाक था बेटा, हमारे यहाँ सबको ऐसाच बोलते," मी म्हटलं. माझं हिंदी रिक्षाच्या भाड्यापुरतं आहे.

बाईंनी शांतपणे हिंदीत सांगितलं, की त्यांच्याकडच्या मुली अशाच जातात. कुणीतरी लांबची मावशी नाहीतर आजी गोड बोलून बोलावते. शेजारच्या घरातली अशीच गेली, ती परत आलेली नाही. "तुम्ही तर पैसे देणाऱ्या," त्या म्हणाल्या. "तुम्ही बोलावल्यावर नाही कोण म्हणणार?"

माझं तोंड मिटलं. आमच्या घरात हा प्रसंग फार येत नाही.

मग मुलगीच बोलली. तिला टीव्ही बघून हिंदी बरं येतं. तिने विचारलं, "घरात माणसं किती आहेत?"

किती भांडी पडतील त्याचा अंदाज घेत होती ती. एवढीशी पोर.

मी फोन ह्यांच्या हातात दिला आणि त्यांना स्वयंपाकघरात ओढलं. "सिंक दाखवा तिला." दुपारची भांडी पडलीच होती. पदर खोचला आणि घासायला घेतली. कढई, कुकर, दुधाचं पातेलं. घासता घासता बडबडत होते, हे काम माझं आहे, तुझं नाही, तू सिंकजवळ आलीस तर हात धरून बाहेर काढीन. अर्धं हिंदी, अर्धं मराठी. ह्यांना फोन धड धरता येत नाही, त्यामुळे बराच वेळ तिला नुसता नळच दिसला असणार.

"आजोबा नाही घासत?" तिने विचारलं.

"घासतो की," हे म्हणाले. "मग ही तीच परत घासते."

आई आधी हसली, शालीचं टोक तोंडावर धरून. मुलगी हसली नाही. तिचं विचारून अजून व्हायचं होतं.

"नापास झाले तरी शाळेचे पैसे येणार?"

"येणार."

"परत झाले तर?"

"तरी येणार. आणि गणितावरून मी तुला एक अक्षर बोलणार नाही. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, मी सातवीपर्यंतच शिकलेय."

तिने बाईंकडे असं पाहिलं, की पहाटे उठ म्हणून सांगणारी ती हीच का?

बाईंनी फोन चालू असतानाच गाठोडं सोडायला लावलं. आतून कपडे निघाले, कंगवा निघाला आणि आठवीचं गणिताचं पुस्तक. ते कशाला बांधलं होतं, मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेली. आठवीतच परत बसली. माझी पत्रं आता इतकी सरळ असतात की हे म्हणतात, "यापेक्षा सोसायटीची नोटीस बरी, निदान पाणी कधी येणार ते तरी कळतं."

परवा तिचा वर्गातला फोटो आला. लहान मुलांमध्ये ही एक डोकं उंच, पुढ्यात वही, आणि चेहरा असा की पुण्यातल्या कुठल्याही दुकानात काउंटरवर बसवावी, गिऱ्हाईक दारातूनच परत जाईल. हे वाक्य अगदी लेखणीच्या टोकाशी आलं होतं. नाही लिहिलं. लिहिलं, "फोटो मिळाला. तू शाळेत आहेस ते पाहून बरं वाटलं."