तिसऱ्या नंबरचा चोर

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते कॉइलचं. प्लगला ठिणगी पुरवणारी कॉइल. तिसऱ्या नंबरच्या सिलिंडरची काढून पहिल्याला लावली, पहिल्याची तिसऱ्याला. टॉर्च यमुनेनं धरला.

"आता उद्या सकाळी घाटात नेऊ," ती म्हणाली. "चोर जागा बदलतो का बघू. तवर दुसऱ्या कशाला हात लावाल तर याद राखा."

यमुना माझी बायको. चौकला जुन्या हायवेवर माझं गॅरेज आहे. आयुष्यभर इंजिनांच्या आवाजात राहून माझे कान गेले. गाडी सावकाश चालते तोवर मला कळतं. इंजिन जोरात पळायला लागलं की नुसता गोंगाट. त्यात एखादा ठोका चुकला तर मला कळत नाही. म्हणून यमुना शेजारी बसायची. एक हात डॅशबोर्डवर, दुसरा माझ्या गुडघ्यावर. ठोका चुकला की गुडघ्यावर चापट.

लोकांना वाटायचं, म्हातारी फिरायला निघाली. एकानं विचारलंही, "काय काकू, माझ्या पेट्रोलवर लोणावळा का?"

"तुझी गाडी लोणावळ्यापर्यंत पोचते का ते बघ आदी," ती म्हणाली.

तोंडाची फटकळ. मी घायकुतीचा. मी प्लग, कॉइल, वायरी सगळं एकदम बदलून टाकायचो. गाडी चालायची, गिऱ्हाईक खूश. ही मात्र कमरेवर हात ठेवून उभी. "चोर कोण ते कळलं का? घरातली समदी माणसं हाकलली नि म्हणे चोर गेला! एका वेळी एकच खोला, अवं."

ही गाडी शेलूच्या केतनची. शर्यतीसाठी इंजिन करून घेतलेलं. घाटात पूर्ण जोर लावला, इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा सहा हजारांच्या वर गेला, की अडखळायची. रविवारी शर्यत. चारही नव्या कॉइल त्यानं आणून ठेवल्या होत्या. यमुनेनं खोकं उघडू दिलं नाही. प्लग काढून बघितले, तर तिसऱ्याचाच काळा आणि ओला, म्हणजे तिथलंच पेट्रोल नीट जळत नव्हतं. पुसून जागेवर लावला आणि फक्त कॉइलींची अदलाबदल केली.

रात्री जेवली, झोपली. सकाळी उठलीच नाही.

दुपारी तिला पोचवून आलो. संध्याकाळी केतन आला. "काका, गाडी टोचन करून मुंबईला नेतो. तिकडे सगळंच बदलून देतील. तुम्ही नका त्रास घेऊ." चांगल्या मनानं बोलला, पण माझं डोकं फिरलं. सगळंच बदलणार म्हणजे तिनं धरत आणलेला चोर सोडून देणार.

"उद्या सकाळी ये," म्हटलं.

तिचा भाऊ भिसेगावहून आलेला. "दाजी, सुतक हाय. लोकं काय म्हणतील?"

"म्हणू देत. तिचं काम अर्धं पडलंय."

सकाळी केतन आला आणि माझ्या शेजारचं दार उघडायला लागला.

"मागं बस," म्हटलं. बसला.

खोपोलीच्या वर गाडी चढाला लावली. पाय दाबला. गोंगाट झाला. गुडघ्यावर चापट आली नाही. मला वाटलं, बरी झाली गाडी. तेवढ्यात मागून केतन ओरडला, "काका, अजून तसंच! अडखळतेय!"

तिथंच इंजिन बंद केलं, कडेला घेतली, प्लग खोलले. तिसऱ्याचा कोरडा. पहिल्याचा काळा, ओला. कॉइलीबरोबर चोर पहिल्याकडं आला होता.

"सापडला गं," म्हटलं.

"काय म्हणालात?" केतननं विचारलं.

"कॉइल गेलीय."

गॅरेजला येऊन खोक्यातली एक नवी कॉइल पहिल्याला लावली.

"काका, आता बाकीच्या पण बदलून टाका ना," केतन म्हणाला.

"त्यांनी काय चोरलंय?" म्हटलं, आणि खोकं त्याच्या हातात दिलं.