फाट्यावरचा फोटो

मारेगावच्या स्टँडवर बाबांनी मला मोटरसायकलनं सोडलं, तेव्हा त्यांच्या डोक्याला दुपट्टा होता आणि हेल्मेट हँडलला लटकत होतं. त्यात माझ्यासाठी घेतलेली बोरं.

"डोक्यात घाला ना, बाबा."

"मंग बोरं कायच्यात ठेवू?"

पुण्याची बस हलली. गाडी माझ्या नावावरची. ती त्यांच्याकडेच राहिली.

गावकऱ्यांनो, तुम्हाला आठवत असेल, आपल्या फाट्यावर माझी मैत्रीण शाळेतून येताना ट्रकखाली गेली, तेव्हा आपण पत्रक छापलं होतं. मागण्या दोनच. फाट्यावर वेग पकडणारा कॅमेरा आणि तालुक्याला आणखी एक ॲम्ब्युलन्स. बाजाराच्या दिवशी मी ते हातोहात वाटलं.

आता पुण्यात मी अशाच कॅमेऱ्यांचे फोटो तपासते. नंबर दिसतो, चूक दिसते, बटण दाबायचं, पुढचा. चलानला शिव्या देणाऱ्यांशी मी आजही भांडते.

फवारणीच्या दिवसांत माझ्याच मोबाईलवर चलान आलं. जागा, आपला फाटा. कॅमेरा बसला होता तर. फोटोत बाबा, उघड्या डोक्यानं, भरधाव, मागे आणखी दोघं. संतापून फोन लावला. उचलेनात. मग फोटो मोठा केला. दुपट्टा बाबांच्या कमरेला होता. त्यानं मधल्या माणसाला पाठीशी बांधलेलं. हेल्मेट त्या माणसाच्या डोक्यात, मान लुळी. मागून त्याला धरून शेजारच्या सुमनकाकू. म्हणजे मधले किसनकाका, लोकांच्या कपाशीवर फवारायला जाणारे.

दुपारभर मी एकही बटण दाबू शकले नाही. संध्याकाळी बाबांचा फोन आला.

"वाचला किसना. औषध भिनलतं आंगात."

"ॲम्ब्युलन्स?"

"एकच हाय ना. दुसऱ्या गावाले गेलती."

"मग हेल्मेट तुम्ही काहून नाही घातलं?"

"त्याले शुद्ध नव्हती, बाई. मले होती."

दंड मी भरला. नियम मीच मागितला होता आणि चूक खरीच होती. पण दोन मागण्यांपैकी सरकारला एकच ऐकू आली. त्या रस्त्यावर पकडणारं आलं, उचलून नेणारं अजून आलेलं नाही. पत्रक पुन्हा छापलंय, या खेपेला एकाच मागणीचं. येत्या बाजारी वाटायला येते आहे.

घर म्हटलं की आता मला अंगण आठवत नाही. एका गाडीवरची तिघं आठवतात, आणि दुपट्ट्याची ती गाठ.