दुसऱ्याचा सोलो

हिराम प्रूइटला गालगुंडं झाली तेव्हा तो काही पोर नव्हता, तिशीला टेकलेला बापई माणूस होता. बायकोच्या भाच्याला मांडीवर घेऊन लाड केले, त्याचा हा प्रसाद. एरवी कुणाला गालगुंडं झाली तर चार दिवस लोक हसतात आणि विसरून जातात. पण हिराम ट्रस्कच्या बँडमध्ये टेनर सॅक्सोफोन वाजवायचा, आणि तोंडाचा भोपळा झालेल्या माणसाला सॅक्सोफोन फुंकता येत नाही. त्यातून बँड त्याच आठवड्यात रेकॉर्ड करायला शिकागोला निघालेला. बँडचा मालक कॅल्व्हिन ट्रस्क आजाऱ्याच्या खोलीत पाऊलही न टाकता दारातूनच म्हणाला, "तू झोप. मी बघतो कुणीतरी."

तो कुणीतरी म्हणजे डेल्मर फिच. ओमाहाचा काटकुळा माणूस. त्याचा बँड नुकताच मोडला होता आणि तो आमच्या कॅन्सस सिटीत बहिणीकडे जेवणं झोडत बसला होता. ट्रस्कनं त्याला उचललं, शिकागोला नेलं, हिरामच्या खुर्चीत बसवलं. 'कोराचा जिना' या गाण्यात मधे टेनरनं एकट्यानं वाजवायचा जेमतेम मिनिटभराचा तुकडा, सोलो, होता, तो डेल्मरनं उभं राहून वाजवला, मजुरी खिशात घातली आणि आपल्या गावी निघून गेला. जातानाचा त्याचा थाट असा की जणू शेजाऱ्याच्या घरी एक खिळा ठोकून दिला.

ती रेकॉर्ड उसळली. विचिटापासून टल्सापर्यंत जिथे म्हणून आमच्या काळ्या लोकांचं खाण्यापिण्याचं दुकान होतं, तिथल्या नाणं टाकलं की वाजणाऱ्या ज्यूकबॉक्समध्ये 'कोराचा जिना' वाजायला लागला. हिरामची गालगुंडं उतरली, तो आपल्या खुर्चीत परतला. टपिका गावातल्या नाचात ते गाणं आलं तेव्हा तो नेहमीसारखा उठला आणि त्या रात्री सुचेल तसं वाजवायला लागला. सोलो असाच वाजवायचा असतो, रोज नवा. आजारी पडायच्या आधीही तो असाच वाजवत होता आणि लोक माना डोलवत होते. आता मात्र नाचणाऱ्या जोड्या थबकल्या. पुढची एक पिवळ्या झग्यातली बाई ओरडली, "ए, हे काय भलतंच! ते वाजव ना, रेकॉर्डमधलं!"

दुसऱ्या दिवशी बसमध्ये ट्रस्कनं त्याच्या मांडीवर रेकॉर्ड ठेवली.

"बस आणि पाठ कर."

"बॉस, सोलो कधी पाठ करतात होय? सोलो आहे तो, बायबलचं वचन नाही."

"लोक पाठ करून येतात, मग तुला काय धाड भरलीय?"

हिरामनं पाठ केला. घरी बसून ग्रामोफोनची सुई मागे-मागे ठेवत, डेल्मर श्वास कुठे घेतो तेसुद्धा शिकला. एका जागी डेल्मरचा सूर चिरकला होता. सरळसरळ चूक होती ती, सॅक्सोफोनच्या तोंडाशी असते ती वेताची पट्टी ओठातून निसटली असणार. पण रेकॉर्डवर ती चूक उतरली आणि लोकांना तेवढीच जागा अतोनात आवडली. ती जागा आली की बायका किंचाळायच्या. तेव्हा हिरामला ती चूकही शिकावी लागली. ज्या माणसाचा सूर आयुष्यात चिरकला नाही, त्यानं दर रात्री ठरल्या जागी तो मुद्दाम चिरकवायचा आणि टाळ्या घ्यायच्या. मी म्हणतो, एवढ्यानं माणसाचं डोकं फिरलं नसतं तरच नवल.

आणि फिरलंच ते. हिराम डेल्मरला पाण्यात बघायला लागला. जो माणूस समोर नाही, ज्यानं आपलं काही वाकडं केलेलं नाही, त्याच्यावर जळणं फार कष्टाचं असतं, कारण भांडायलाही कुणी सापडत नाही. ओमाहाहून कुणी वादक आला की हिराम सहज विचारल्यासारखं विचारायचा, "तो फिच काय करतो रे हल्ली?" कुणी सांगायचं, बरं चाललंय, की याचं जेवण बिघडायचं. बँडमधल्या टवाळांना हे ठाऊक. ड्रमवाला टबी तर गाणं सुरू व्हायच्या आधी हळूच म्हणायचा, "चल डेल्मर, ऊठ, तुझी वेळ झाली." अख्खी रांग खुसखुसायची आणि हिराम फुरंगटल्या चेहऱ्यानं तोंडात सॅक्सोफोन धरायचा.

रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर बायका गाठायच्या. "ब्रदर प्रूइट, आमच्या घरी तुमची रेकॉर्ड झिजली हो वाजवून!" सुरुवातीला तो सांगायचा की रेकॉर्डवर मी नाही, दुसरा आहे. बायकांना वाटायचं, किती हा विनय! मग त्यानं सांगणंच सोडलं. म्हणजे कौतुक सगळं त्याच्या दारात यायचं आणि त्यातला एक घासही त्याच्या घशाखाली उतरायचा नाही.

त्याची बायको ओडेसा केस सरळ करून द्यायचं दुकान चालवायची. तोंडानं फटकळ, मनानं चांगली. एकदा ती वैतागून म्हणाली, "दिवसातून इतक्या वेळा तू माझं नाव घेत नाहीस, जितक्या वेळा त्या फिचचं घेतोस. बाई असती तर मी झिंज्या तरी उपटल्या असत्या."

"तुला नाही कळायचं."

"न कळायला काय झालं? तुझ्या पोटात दुखतंय. सोडा पी."

मग एके वर्षी बातमी आली की डेल्मर फिचनं वाजवणं सोडलं आणि तो ओमाहात मांसाच्या कारखान्यात कापणीला लागला. त्या दिवशी हिरामनं सगळ्या बँडला रताळ्याची गोड पेस्ट्री खाऊ घातली. कशाबद्दल ते कुणी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. पण आनंद आठवडाभरही टिकला नाही. हिरामला नवीनच टोचणी लागली. जे मी जिवापाड धरून बसलोय ते हा माणूस डोक्यावरची टोपी काढून ठेवावी तसं खाली ठेवू शकतो? या विचारानं त्याचा जास्तच तिळपापड व्हायला लागला.

वर्षं गेली. युद्ध झालं, मोठमोठे बँड बसले, ट्रस्कचा बँड निम्मा होऊनही तग धरून राहिला, आणि त्यातला अर्धा तग 'कोराच्या जिन्या'चा होता. हिरामचे केस पिकले. शेजारच्या खुर्चीत बसणाऱ्या तरुण टेनरला सैन्यानं कोरियाला उचलून नेलं आणि ती खुर्ची रिकामी झाली.

बँडच्या वाढदिवसाला वादकांच्या युनियनच्या हॉलमध्ये रविवारी दुपारी जेवण आणि नाच असायचा. त्याच्या आदल्या दिवशी ट्रस्कनं हिरामला बाजूला घेतलं.

"फिच आलाय गावात. बहिणीकडे उतरलाय. पुन्हा वाजवावंसं वाटतंय म्हणतो. उद्या 'जिना' त्याला देतो. आणि ऐक, ट्रम्पेटपुढे उभं राहून राहून माझा कान कामातून गेलाय. शेजारी तुलाच बसायचंय. तू हो म्हणालास तर घेऊ, नाही म्हणालास तर नाही."

"मी?"

"तुझ्याइतका कान कुणाचा आहे इथे?"

हिराम रात्रभर तळमळला. त्याला वाटायचं, डेल्मरनं वाईट वाजवावं. लगेच वाटायचं, त्यानं तोच सोलो माझ्यापेक्षा चांगला वाजवला तर? मग मी इतकी वर्षं नक्कल करत होतो हे उघड्यावर येईल, ओडेसासमोर, चर्चच्या बायकांसमोर. पहाटे कधीतरी त्यानं देवाला चक्क सांगितलं की याची बोटं अडखळू देत. देवाकडे असलं मागू नये, पण मागितलं.

दुपारी डेल्मर आला. काटकुळा तसाच, केस पांढरे, डाव्या हातावर सुरीचे जुने वण. सॅक्सोफोनची झिजलेली पेटी हातात. हिरामला बघून त्याचं तोंडभर हसू.

"हिराम, लेका! उतरली का रे तुझी गालगुंडं?"

सगळे खो खो हसले. हिरामही हसला. त्याला आतून जे झालं ते मी लिहीत नाही.

हॉल भरलेला होता. बाहेर खड्ड्यात कोळशावर डुकराच्या बरगड्या भाजत होत्या आणि धूर खिडकीतून आत येत होता. ट्रस्कनं माइक धरला. "मंडळी, 'कोराचा जिना' रेकॉर्डवर ज्यानं वाजवला, तो माणूस आज आपल्यात आहे. डेल्मर फिच!" लोक एकमेकांकडे बघायला लागले. कितीजणांच्या नजरा हिरामकडे वळल्या. तो पट्टी ओली करण्यात गुंतल्याचं दाखवत राहिला.

गाणं सुरू झालं. सोलोची जागा आली आणि डेल्मर उठला.

त्यानं रेकॉर्डमधला एक सूरही वाजवला नाही. सुरुवात इतक्या खालून केली की लोकांना वाटलं, वाद्य तपासतोय. मग थोडं वाजवायचं, थांबायचं, पुन्हा थोडं. घाई नाही, किंचाळणं नाही. दिवसभर उभ्यानं काम केलेला माणूस संध्याकाळी स्वयंपाकघरात बसून बायकोला काहीतरी सांगतो, मधेच गप्प होतो, तसं. ट्रम्पेटवाल्यांनी माना वळवल्या. टबीनं काठ्या ठेवून ड्रम हळुवार वाजवायचे तारांचे ब्रश उचलले. हिराम शेजारच्या खुर्चीत बसून ऐकत होता आणि त्याला कळून चुकलं की टेनरवर इतकं खरं काही त्यानं उभ्या आयुष्यात ऐकलेलं नाही. हे संपू नये असं त्याला वाटत होतं, आणि ताबडतोब संपावं असंही.

लोकांना मात्र काही उमजलं नाही. नाच मंदावला.

"हा कुठला रेकॉर्डवाला?" मागून कुणीतरी ओरडलं. "याला तर येतच नाही!"

"ट्रस्क, थापा मारू नको! प्रूइटला उठव!"

"ब्रदर प्रूइट! ब्रदर प्रूइट!" चर्चच्या बायकांनी टाळ्यांचा ठेका धरला.

डेल्मर संपवून शांतपणे खाली बसला. ट्रस्कनं हिरामला बोटानं खूण केली. हिराम उठला आणि त्यानं तो सोलो वाजवला. श्वासाला श्वास, सुराला सूर. चिरकायची जागा आली तसा तो चिरकला आणि हॉल डोक्यावर घेतला लोकांनी. ओडेसा खुर्चीवर उभी राहून रुमाल फिरवत होती. सगळ्यात जोरात टाळ्या वाजवत होता तो डेल्मर.

गाणं झाल्यावर हिराम मागच्या दारानं बाहेर धुरात जाऊन उभा राहिला. पाठोपाठ डेल्मर आला.

"काय वाजवतोस रे! मला त्यातलं काही म्हणजे काही आठवत नाही. मी असं वाजवलं होतं?"

"असंच."

"बरं होतं की मग," डेल्मर हसला. चौदा वर्षं ज्या मिनिटानं हिरामला सुखानं झोपू दिलं नव्हतं, ते या गृहस्थाच्या ध्यानातही राहिलं नव्हतं.

मग डेल्मरनं आवाज खाली आणला. "ट्रस्क म्हणाला, हिराम ठरवेल. तुला खरं सांगतो, घरी भिंतीकडे तोंड करून मी रोज वाजवतोय, वर्ष झालं. ओमाहाची नोकरी मी उद्या सोडतो. बहीण म्हणते, या वयात वेड लागलंय तुला. तू हो म्हण, तिला मी गप्प करतो. लोकांचं जाऊ दे, ते रेकॉर्डवर नाचतात. तुला कसं वाटलं?"

विचारताना त्याचा चेहरा निकाल ऐकायला उभ्या राहिलेल्या पोरासारखा झाला होता. हिरामला एकच शब्द बोलायचा होता. तो शब्द त्याच्या जिभेवर आलाही. मग त्याच्या डोळ्यांपुढे ती शेजारची खुर्ची आली. रोज रात्री तिच्यातून हे असं ऐकायचं, आणि मग आपण उठून चिरकायचं.

"बोटं जड झालीत रे तुझी," हिराम म्हणाला. "इतकी वर्षं सुरी धरलीस. आता नाही जमायचं."

डेल्मरनं आपला डावा हात उघडला, मिटला, पुन्हा उघडून पाहिला.

"मलाही मधेमधे तसंच वाटायचं," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "बरं झालं तुलाच विचारलं. दुसरा असता तर मला वाईट वाटू नये म्हणून काहीबाही बोलला असता. आणि खरं सांगू, माझं वाजवणं या जगात तुझ्याइतकं ऐकलंय कुणी?"

त्यानं हिरामचा हात दोन्ही हातांत धरून दाबला आणि पेटी आणायला आत गेला.

थोड्या वेळानं ओडेसा बरगड्यांची ताटली घेऊन बाहेर आली. "अरे, तो बिचारा न जेवताच चालला. तोंड कसं उतरलेलं त्याचं! काय बोललास त्याला?"

"विचारलं त्यानं, ते सांगितलं."

"मग? भांडला का?"

हिरामनं ताटली हातात घेतली, पण खाल्लं काही नाही.

"नाही," तो म्हणाला. "आभार मानून गेला."