रिकामा कॅमेरा

माझी प्रदर्शनं किती झाली, ते मोजायचं मी केव्हाच सोडलं. पुण्यात पहिल्या संध्याकाळी ओळखीचे लोक येतात, चहा पितात, "वा, वा" करतात, आणि पुढचे पाच दिवस मी आणि भिंती. मागच्या हिवाळ्यात चाळीस वर्षांच्या कामाचं प्रदर्शन लावलं, तेव्हाही तेच. कर्वेनगरहून डबा घेऊन निघायचं आणि दिवसभर गॅलरीत खुर्चीवर बसायचं. घरी बोलायला कोणी नाही, निदान इथे कोणी येईल ही आशा. एक निवृत्त गृहस्थ तासभर बसले. मला वाटलं, रमले. जाताना म्हणाले, "अहो, एसी छान आहे इथला." घ्या! एवढ्यावर समाधान मानायचं.

चौथ्या दिवशी दुपारी एक बाई आल्या. पंचेचाळिशीच्या पुढच्या, खांद्याला पर्स. इकडेतिकडे न बघता येरवड्याच्या फोटोसमोर जाऊन उभ्या राहिल्या. तो माझा सगळ्यात गाजलेला फोटो. वस्तीतल्या एका घराच्या उंबऱ्यावर बसून आई मुलीची वेणी घालतेय, रिबीन दातांत धरलीय. माझ्या प्रत्येक प्रदर्शनात तो असतोच.

"ही मी," बाई म्हणाल्या.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! इतक्या वर्षांत भिंतीवरचं एकही माणूस मला भेटायला आलं नव्हतं. मी खुर्ची दिली, पाणी दिलं, प्रश्नांची सरबत्ती केली. त्या वारज्याला राहतात, शाळेत शिकवतात. वडील त्यांच्या लहानपणीच गेले. आई गेल्या वर्षी.

"सर, त्याच दिवशी तुम्ही आईबाबांचा जोडीनं फोटो काढला होता," त्या म्हणाल्या. "आई नेहमी सांगायची. तो मिळेल का? दोघांचा एकत्र असा एकही फोटो आमच्याकडे नाही."



तेव्हा रोलचा जमाना होता. वस्तीत कॅमेरा दिसला की लोक ठेवणीतले कपडे घालून ताठ उभे राहायचे, आणि मला तर नेमके तसले फोटो नको असायचे. प्रदर्शनात पोज चालत नाही ना! म्हणून मी गळ्यात दोन कॅमेरे अडकवायचो. एकात रोल नसायचाच. त्याचं बटण खटाखट दाबून लोकांची हौस भागवायची. ते खूश होऊन आपापल्या कामाला लागले, की दुसऱ्या कॅमेऱ्यानं खरे फोटो. ही युक्ती मी पुढे नव्या फोटोग्राफर पोरांना शिकवलीसुद्धा, हसत हसत.

ते जोडपं मला लख्ख आठवत होतं. घरात बुद्धांच्या तसबिरीखाली उभं होतं. "मान जरा वर घ्या," असंही मी सांगितलं होतं. डोंबलाचं! आणि वर, "पोस्टानं पाठवतो."

रोल खराब झाला, असं सांगावं हे अगदी जिभेवर आलं होतं. पण आईच्या फोटोसमोर बसून लेकीला पुन्हा फसवायचं धाडस झालं नाही. सगळं खरं सांगितलं.

"म्हणजे कॅमेऱ्यात काहीच नव्हतं?"

"नव्हतं."

त्यांनी पर्स मांडीवर घेतली आणि पुन्हा फोटोकडे पाहिलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"बाबांनी शेजारून इस्त्रीचा शर्ट आणला होता," त्या म्हणाल्या. "आईनं पदर तीनतीनदा सारखा केला. मी मध्ये येऊ नये म्हणून मला दाराशी उभं केलं. पुढे किती महिने, पोस्टमन दिसला की आई बाहेर यायची."

मला मान वर करवेना. काहीतरी द्यायला हवं म्हणून मी उठलो, वेणीचा फोटो भिंतीवरून उतरवला आणि त्यांच्या हातात ठेवला. "हा तुमचाच आहे. न्या."

त्यांनी आईच्या चेहऱ्यावरून बोट फिरवलं आणि फ्रेम मला परत दिली.

"नको सर. ह्यात बाबा नाहीत. ते तेव्हा तुमच्या मागेच उभे होते."